चासी नंबर

ग्रीन गेटच्या आत, शेडच्या पत्र्याखाली
एकोणीस दिवस उभी आहे गाडी.
गेटपासवर माझं आडनाव धैर्यवानचं धर्यवान झालंय.
पंदेरे म्हणतो, असू द्या साहेब, आत सोडतायत ना.

बॅटरीची तार जोडली
तसं डॅशबोर्डवरचं घड्याळ बारावर उभं राहून
लुकलुकायला लागलं.
नैरोबीत सकाळचे आठ, इथे साडेदहा,
आणि त्याच्यासाठी सगळीकडे बारा.

कस्टम हाउसच्या दुसऱ्या मजल्यावर
गाडीची किंमत पुस्तकात बघून ठरते.
मी खरोखर किती मोजले
ते कोणी विचारलं नाही.
जकातीचा आकडा पाहून
बहिणीनं फोनवरच डोक्याला हात लावला असणार,
नाकापेक्षा मोती जड, म्हणाली,
विकून यायचीस ना तिथेच.
मी म्हटलं, रेंज जातेय.

नंबर नाही तोवर रस्त्याला चाक टेकवायचं नाही.
म्हणून पी. डिमेलो रोडवरून
माझी गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून गेली,
आणि मी मागून टॅक्सीत,
मीटर बघत.

ताडदेवला भालेकर मॅडमनी
तिला चहूबाजूंनी फेरी घातली.
स्टिअरिंग उजवीकडे, बरोबर.
काटा किलोमीटरमध्ये, बरोबर.
दिव्यांचा झोत डावीकडे झुकतो का, दाखवा.
झुकला.
सीटखाली हात घालून त्यांनी
एक हेअरक्लिप काढली, कासवाच्या पाठीच्या रंगाची.
मिसेसची?
हो म्हटलं.
पुढचा प्रश्न त्यांच्या फॉर्मवर नव्हता.
क्लिप त्यांनी बॉनेटवर ठेवली, जपून,
जणू तीही कागदपत्रांतच जमा करायची होती.

मग पंदेरे पाठीवर झोपून गाडीखाली गेला,
चासी नंबरचा ठसा घ्यायला.
वर कागद धरायचा, पेन्सिल आडवी घासायची,
लोखंडात कोरलेले आकडे हळूहळू उमटतात.
पहिला ठसा वाया गेला:
कागदावर नुसती लाल माती.
न्गोंग रोडच्या पलीकडची, पावसाळ्यातली,
मोम्बासाच्या धक्क्यावर धुऊनही उरलेली.
पंदेरेनं ती बोटांत चुरडली,
म्हणाला, आमच्या देवरुखची पण अशीच, अगदी हीच.
मी नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
त्यानं बनियनच्या टोकानं आकडे पुसले.
दुसरा ठसा स्वच्छ आला, सतराच्या सतरा.

लायसन्स?
मी दिलं. मॅडमनी उलटं केलं, सुलटं केलं.
हे इथे चालणार नाही.
तेवीस वर्षं चालवतोय, मी म्हटलं,
नाकुरूच्या घाटात, धुक्यात, ट्रकांच्या रांगेत.
इथे नाही चालवलीत ना, त्या म्हणाल्या,
आणि त्यात दुष्टपणा काहीच नव्हता.
काउंटर चार. शिकाऊ.

फॉर्ममध्ये दोन रकाने.
सध्याचा पत्ता: द्वारा बहीण, ठाकूरद्वार, तिसरा मजला.
कायमचा पत्ता.
तिथे माझं पेन थांबलं.
मागची रांग खाकरली.
पंदेरेनं फॉर्म हातातून ओढून घेतला,
आपल्या तिरप्या अक्षरात लिहिलं
वरीलप्रमाणे
आणि स्टेपलर शोधायला गेला.

रविवारी ताज्या नंबरप्लेटच्या वर
लाल एल चिकटवून
मी गाडी बाहेर काढली.
शेजारी कायद्यानं भाचा,
ओजस, लायसन्स आठ महिन्यांचं,
सीट आधी कोणासाठी पुढे सरकवलेली होती
ते त्याला माहीत नाही;
त्याचे गुडघे डॅशबोर्डला लागले
तसा त्यानं खालचा खटका ओढून
ती मागे ढकलली.
मग काही न विचारता दोन बटणं दाबून
घड्याळ लावलं. चार वाजून दहा.

मी समोर बघत राहिलो.
मामा, तो म्हणाला, सुटलाय सिग्नल.