चौदा नंबर

फॉर्मवर नाव लिहिलं : यादगिरी मेरगू.
वय एकसष्ट.
'उद्देश' पुढच्या रेघेवर काही सुचेना,
म्हणून लिहिलं, शुगर.

त्याआधी चार दिवस नुसता बाहेरून गेलो.
साडेपाचला उठायचं, पोराचे जुने बूट चढवायचे
(एक नंबर मोठे, पुढं मोज्याचा बोळा),
अशोक चौकातून वळायचं,
आणि जिमच्या पाटीखाली आलं की
चाल आपोआप वाढायची,
जणू पुढं कुठं माझी वाट बघत खोळंबलेत लोक.
पुढं मल्लिनाथचा चहाचा गाडा होता.
तिथं बसून गोड चहा प्यायचो
आणि घरी येऊन सांगायचो, झालं.

लक्ष्मीनं एकदाच बघितलं
माझ्या कोरड्या बनियनकडं.

आमच्या तेलुगूत एक शब्द आहे, सिग्गू.
लाज म्हटलं तर पुरता उतरत नाही मराठीत.
लाज तोंडावर असते,
सिग्गू गुडघ्यात.

भीती वजनाची? छे.
तीस वर्षं सुताचे बीम उचललेत या खांद्यानं.
भीती आरशांची,
भिंतभर लावलेत म्हणे.
भीती पोरांची, ज्यांचे दंड माझ्या मांडीएवढे.
हसली असती तर चाललं असतं एकवेळ,
पण 'बसा काका' म्हणून जागा दिली तर,
एसटीत देतात तशी?

पाचव्या दिवशी गाडा बंद.
मल्लिनाथच्या भाच्याचं लग्न होतं अक्कलकोटला.
एवढंच झालं.
धाडस वगैरे काही नाही,
उभं राहायला दुसरी जागा नव्हती,
शिरलो आत.

एक सांगायचं राहिलं.
ही शेड माझी ओळखीची आहे.
इथं चोवीस माग होते, चौदा नंबरवर मी.
माझ्या हाताखालून चादरीवर मोर उतरायचे,
दिवसा शंभर वेळा तोच मोर.
मग एका दिवाळीनंतर
मालकानं माग भंगारात घातले, किलोच्या भावानं,
आम्हाला हिशोब दिला,
आणि मी या रस्त्यानं
मान वळवून जायला लागलो.

आत गाणी इतकी मोठ्यानं
की जो तो दुसऱ्याच्या कानात ओरडत होता.
मला ओरडायची गरज पडली नाही.
मागांच्या खडखडाटात आम्ही ओठ बघूनच बोलायचो.
ट्रेनर, बिराजदारांचा रेवण,
दहा पावलांवरून म्हणाला,
'काका, काही खाऊन आलाव का?'
तिथूनच मान हलवली.
तो चकित. मीही थोडा.

कुणी हसलं नाही.
कुणी बघितलंसुद्धा नाही, खरं सांगू का.
आरशात प्रत्येकजण आपापल्या दंडात गुंतलेला.
एक बाई ट्रेडमिलचे दोन्ही कठडे धरून चालत होती,
सिद्धेश्वरच्या तळ्याच्या ओल्या पायरीवरून
उतरावं तशी, ओठ घट्ट मिटून.
तिच्याही गुडघ्यात असणार काहीतरी.

रेवणनं पाच किलो दिले हातात.
पाच! मनात हसलो.
आठव्या वेळेला हात थरथरला,
दहाव्याला हसू गेलं.

दम खाताना दारापासून मोजत गेलो,
एक, दोन, सात, अकरा...
रबरी मॅटच्या कडेला बोल्टची भोकं दिसली,
सिमेंटनं बुजवलेली, तरी ओळखू येणारी.
चौदा नंबर कुठं निघावा?
पाण्याच्या कूलरपाशी.
मग काय, तिथं उभं राहून
दोन ग्लास पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना
लक्ष्मीनं दंडाला धरलं, इतके पाय भरलेले.
'आज नको जाऊ,' म्हणाली.
बूट घातलेच होते.
सिग्गू होताच गुडघ्यात, जुना भाडेकरू,
पण आता दुखणंही आलं होतं राहायला,
आणि एवढ्याशा जागेत
दोघांना काही धड बसता येईना.