पंचेचाळीसचा काटा

रविवारी पहाटे पावणेसहाला
मी कव्हर काढतो,
आधी एक कोपरा, मग दुसरा,
ताप उतरलेल्या माणसाच्या अंगावरची चादर काढावी तसा.
खाली कॉन्टेसा. एकोणनव्वदची.
पांढरी म्हणायची,
पण आता साय धरलेल्या दुधासारखी.

भोसरीच्या कंपनीने लिलावात काढली तेव्हा
कुणी पुढे येईना.
साहेबांची गाडी, पेट्रोल ढोसते, म्हणाले,
टाकी आपल्या पगारासारखी दहा तारखेला रिकामी.
मी टूलरूमचा फिटर.
बॉनेट उघडून नुसता आवाज ऐकला
आणि शैलाला न विचारता हात वर केला.

सोसायटीत म्हणतात, भंगारात द्या, जागा अडते.
मी त्यांना आळंदी रोडच्या ट्रॅकवरून आणलेला
फिटनेसचा कागद दाखवतो, पीयूसी दाखवतो,
नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा,
म्हणजे कुणी मागितलेलं नसताना.

नाना पेठेत जाफरभाई.
त्यांचे गुडघे आणि हिचे बुश एकाच साली गेले.
हिचे मिळाले, जुन्या बाजारात, एका बुधवारी,
बंद घड्याळं आणि बिनझाकणाच्या थर्मासांमध्ये.
जाफरभाईंनी ते फुंकर मारून पाहिले.
म्हणाले, माझ्या मापाचे नव्हते का तिथे?

इंजिन अजून तरुण आहे, घोळ तिथेच आहे.
ब्रेक म्हातारे,
स्टिअरिंग हाक मारल्यावर थोड्या वेळाने ओ देतं,
आणि इंजिन मात्र
कॉलेजच्या कट्ट्यावरचं पोर,
कुणी नुसतं बघितलं तरी उठून उभं राहणारं.

शहाण्णव साली मी त्याचं ऐकलं होतं.
कात्रजचा जुना बोगदा ओलांडून, शिंदेवाडीच्या उतारावर,
खिडक्या खाली, काटा शंभराच्या पुढे.
वळणापलीकडे रस्त्यात एक माणूस
सायकल उलटी ठेवून चेन बसवत होता.
किती अंतराने वाचला ते मला माहीत आहे.
एक वीत.
बोटं ताणून अजून दाखवता येते.
त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.
शैला काही बोलली नाही.
खेड शिवापूरला चहा घेताना तिचा कप बशीत वाजत होता,
तेवढंच.

तेव्हापासून पंचेचाळीस.
नळ स्टॉपच्या सिग्नलला बाइकवरची पोरं शेजारी येतात,
काका, पळवा ना एकदा, आवाज तरी ऐकू द्या.
मी क्लच दाबून ठेवतो.
पायाखाली ते थरथरतं, मला कळतं.
माझ्याही पायात थरथरतं, हे खोटं कशाला सांगू.
पोरं निघून जातात.
मी पुढच्या गाडीच्या मागे
एक आख्खी गाडी मावेल एवढी जागा सोडतो,
तिथे लगेच एक स्कूटर घुसते.
मी पुन्हा सोडतो.

हल्ली तिसऱ्या मजल्यावरची शर्वरी येते सोबत.
लायसन्स झालं, पण हिच्यावर हात बसवायचाय म्हणाली.
मी डावीकडे बसतो, शैला मागे.
शैला तेव्हापासून पुढे बसतच नाही,
मीही कधी विचारलं नाही.
शर्वरीला मी एकच सांगतो:
ब्रेक लावू नकोस, ब्रेकला आधी कळव.
ती हसते. मग कळवते.

आज पाषाण रोडला, झाडांच्या काळोखात,
खूप पुढे काहीतरी हललं.
कुत्रं असेल, कागद असेल, माणूस असेल.
मी काही बोलायच्या आत
तिने पाय उचलला होता.
गाडी हळूहळू विचार करत
थांबली.
मागून एक रिक्षावाला काहीतरी बोलून गेला,
ते इथे लिहीत नाही.

काच खाली घेऊन आम्ही बसलो.
इंजिन चालूच होतं, घरातल्या माणसासारखं पुटपुटत.
समोर काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.
मागच्या सीटवरून शैला म्हणाली,
थर्मास आणलाय,
कप तेवढा धर, सांडेल.