खवले

पहिल्यांदा आली तेव्हाच देओलिंदा म्हणाली होती,
"ह्याची कातडी बोटाला वेगळी लागते, डॉक्टर."
मी पिसवा शोधत होते.
मातोझिन्योशच्या बंदरावर कुठल्या मांजराला पिसवा नसतात?
मानेवर औषधाचे थेंब टाकले,
पुढचा कुत्रा आत घेतला.

मग नायटा असेल म्हणून
फर्रुश्कुला निळ्या दिव्याखाली धरला.
काही चमकलं नाही.
केस उपटून बशीत पेरले. तीन आठवडे.
काही उगवलं नाही.
मग सार्डिन बंद, दोन महिने नुसतं सशाचं मांस.
बोक्याने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी त्याचा समुद्रच विकला.
मग स्टेरॉइड. खाज बसली, लाली उतरली,
आम्ही दोघी हसलो.
गोळ्या कमी केल्या तशी कानामागची चकती परतली,
बिनकेसांची, कडेने फुगलेली,
वर पांढरे सुटे खवले.

एकतीस वर्षं ती डबाबंद मासळीच्या कारखान्यात होती,
पट्ट्यावरून सरकणारा मासा
अंगठ्याने पारखत.
"वास यायच्या आधी कळतं," ती म्हणाली.
त्यात टोमणा नव्हता.
असता तर बरं झालं असतं.

आठव्या महिन्यात मी गोल पातं हातात घेतलं.
कातडीच्या तीन टिकल्या
फॉर्मलिनमध्ये बुडून लिस्बनला गेल्या.

अकरा दिवसांनी कागद आला.
पहाऱ्यावरच्या पेशी
घराच्या भिंतीत शिरून बसलेल्या,
सगळ्या एकीच्याच लेकी.
त्वचेचा लिम्फोमा.
खाली कुणा अनोळखी माणसाची सही, आणि एक ओळ:
नमुने उत्तम घेतले आहेत.

ती ओळ मी दोनदा वाचली.
सांगायला लाज वाटते.

फोन केला नाही. दवाखाना बंद करून चढ चढून गेले.
"दुखतं का त्याला?"
"खाजतं."
"किती दिवस?"
"महिने. एखाद्याचं हळू चालतं, मग वर्षही."
गोळ्यांचं सांगितलं, रक्ततपासण्यांचं, खर्चाचं.
तिने मान हलवली, खर्चाला जरा उशिरा.

मग माझा हात धरून
अंगठा त्याच्या कानामागे ठेवला.
आठ महिन्यांत पहिल्यांदाच हातमोज्याशिवाय.
"इथून सुरू झालं होतं. लागतंय?"

लागलं.
भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखं,
आणि त्याखाली घुरघुर.

"मग आता," देओलिंदा उठली, फळीवर हात घातला,
"सार्डिन चालेल ना?"