स्टँड

इलाही मिस्त्रीनं पाना लावला तेव्हा
बोल्टच्या आट्यांत गंज नव्हता,
जोतिबाच्या वाटेवरचा गुलाल होता, जुना.
"डोंगरात न्यायची, मग हे लोढणं कशाला?
दगडाला अडकलं की गाडी जाग्यावर
आणि तू म्होरं."
काट्यावर ठेवून दाखवलं त्यानं: तीनशे साठ ग्रॅम.
उद्यमनगरात शहाणपणसुद्धा तोलून देतात.

रविवारी मसाईचं पठार.
जांभा, वारा, घोट्याएवढं गवत,
टेकवायला ना झाड ना भिंत.
आमच्या सहा सायकली आडव्या.
"डाव्या कुशीवर," रणधीर सांगत होता,
"गिअर वर राहिला पाहिजे."
म्हणजे वामकुक्षीच की.

मग धनगरवाड्याकडनं धुळा कोकरे आला.
कॅरियरला दोन्ही अंगांना किटल्या,
गाडीचा मूळ रंग कुठला
ते आता तीही विसरली असावी.
आम्हाला बघून करकचून ब्रेक:
"कुणाला लागलं काय?"
आम्ही हसलो. लागलं नाही, अशाच ठेवतात.
"केवढ्याची?"
बासष्ट हजार.
तो काही बोलला नाही.
उतारावर टाचेनं चाचपत एक चपटा दगड शोधला,
सीट धरून गाडी मागं ओढली, खट्ट.
मग किटलीचं झाकण काढून आत बघितलं.
गाडी उभी होती.
दूध सपाट होतं.

उतरताना मुद्दाम त्याच्या मागं राहिलो.
एवढ्या खडकाळीत स्टँडचा आवाज नाही:
जुन्या ट्यूबची पट्टी, दोन वेढे, एक गाठ.

सोमवारी इलाहीनं काही न विचारता
खिळ्यावरनं काढून हातात दिला.
बसवायचे पैसे मात्र घेतले.

रणधीर म्हणाला, अडकणार.
अडकला.
पावनगडाखालच्या घळीत, तिसऱ्याच वळणाला.
ट्यूब तशीच होती, वेढे दोनच होते,
गाठ माझी होती, एवढंच.
कोपराला माती, गुडघ्यावर
जांभ्यापेक्षा जरा ओला जांभा.
वरनं रणधीर हाका मारत होता,
जिंकल्यासारखा.

मी आधी टाचेनं दगड शोधला.
गाडी उभी केली, हात सोडून बघितला,
कलली थोडी, थांबली.
मग तिच्या जाळीदार, तुटपुंज्या सावलीत
आडवा झालो.
डाव्या कुशीवर.