धाकटी

भुसावळात आमच्या घरामागून रूळ जातात.
मालगाडी आली की मांडणीतले पेले आधी थरथरतात,
मग आवाज येतो.
म्हणजे मला येतो.
आई-पप्पांची गाडी पेल्यांपाशीच संपते.

सात वर्षांची झाले तेव्हापासून
मीच या घराची कडी, कुकरची तिसरी शिट्टी,
दूधवाला, वायरमन, टाकीवरून सांडणारं पाणी.
आईच्या बोटांत माझं नाव म्हणजे
चिमटीत धरलेली कानाची पाळी.
मी झोपायचे ती एक कान उशीवर, एक उघडा ठेवून.
कूस बदलली की कानांची पाळी बदलायची.

मग धुळ्याला नर्सिंगला नंबर लागला.
पप्पांनी हात झटकून सांगितलं, जा.
आणि त्याच आठवड्यात बाजारातून
गॅसचा अलार्म आणला.
खोक्यावर छापलं होतं :
पंच्याऐंशी डेसिबल, दोन वर्षांची गॅरंटी.

मे महिन्यात एका रात्री शेगडीची नळी सैल झाली
आणि अलार्म खोक्याला जागला.
अख्खी गल्ली उठली.
भंगाळेकाका, समोरच्या तडवीबाई, तिन्ही कुत्री,
सगळे आमच्या दाराशी. दार बडवताहेत.
आत कूलर, आणि कूलरच्या गारव्यात
दोघं गाढ.
तडवीबाईंचा रमजान न्हाणीच्या खिडकीतून आत शिरला,
दिव्याच्या बटणाला हात न लावता
अंधारात चाचपत गेला, पप्पांचा पाय ओढला.

मला सकाळी फोन आला.
ताटात शेवभाजी होती.
शेव भिजून लगदा होईपर्यंत मी तशीच बसले.

सुपडूभाऊ जामनेर रोडला मोटारी भरतो.
त्यानं अलार्म उघडला, फुंकर मारली, म्हणाला,
"आयकू नई येत ना, मंग दाखवू.
दाखवूनबी नई उठले तं हालवू."
भोंगा मात्र त्यानं कापला नाही.
"हा राहू दे. गल्लीले."

तांबडा दिवा गॅसचा, निळा टाकीचा, पिवळा दाराचा.
तिन्ही झोपायच्या खोलीत, शेगडीपासून लांब.
पलंगाच्या फळीखाली एक छोटी मोटर,
मसाजच्या मोडक्या पट्ट्यातून काढलेली.
लाइट गेली तर स्कूटरची जुनी बॅटरी.

पहिल्या रात्री पप्पा अकरा वेळा उठून बसले.
अकरा मालगाड्या.

मग सुपडूभाऊ स्वतःच आमच्या फरशीवर आडवा झाला,
तळहात जमिनीला लावून
पहाटेपर्यंत गाड्या वाचत.
गाडी लांबलचक हलवते, एकसारखी.
म्हणून त्यानं हलवणं तोडलं :
तीन झटके, थांब, तीन झटके.
तेव्हापासून पप्पा गाड्यांत झोपतात.
गच्चीवर झोपायचे दिवस आले
की वायर जिन्यानं वर जाते,
आई तिला कपड्यांच्या दोरीला पीळ घालून बांधते.

आईनं तिचं बारसंही केलंय.
कानाची पाळी, मग करंगळी :
धाकटी.

दिवाळीत मी घरी आले. रात्री फराळ, गप्पा,
बोटं दुखेपर्यंत.
सकाळी डोळे उघडले तर ऊन थेट मांडणीवर,
आणि दारात स्कूटर, चिखलानं भरलेली.

रात्री दोनला रमजान आला होता.
तडवीबाईंना विंचू चावला होता.
त्यानं बेल दाबली, आत पिवळा लागला,
फळीला तीन झटके,
आणि पप्पा लेंग्यावरच त्यांना घेऊन दवाखान्यात.
चारला परत.
आता बऱ्या आहेत.

या घरात काही घडलं
आणि ते मला दुसऱ्याकडून कळलं,
असं आजवर झालं नव्हतं.

मी चिडले. शिकतेय कशाला मी नर्सिंग?
मला का नाही उठवलं?

आईनं पिठाचे हात पुसले.
तू घोरत होतीस.

तुला कसं कळलं?

तिनं माझ्या पलंगाच्या फळीवर
तळहात टेकवून दाखवला.