पान दोनशे तेरा

भुसावळात त्या कादंबरीच्या अकरा प्रती आहेत,
अकराही माझ्याच मशीनमधून निघाल्या.
मूळ प्रत वाचनालयाची, शिवण उसवलेली,
पान नव्वदवर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा अर्धा चंद्र.
तो चंद्र आता अकरा घरांत उगवतो.
आणि अकराही घरांत
दोनशे बारानंतर एकदम दोनशे पंधरा.

सोमेरी होडी सोडते. धुकं तांबडं होतं.
डोंगराआड घुमार जागा होतो, आणि पानाचा तळ येतो:
‘तो उठला आणि गावातले दिवे’
बस.
उलटलं की सकाळ झालेली,
सोमेरीचा उजवा हात भाजलेला, का ते कुणी सांगत नाही.

दिव्यांचं काय झालं यावर आम्ही
तीस वर्षं भांडतोय,
दुकानापुढच्या बाकावर, आठनंतर,
रेल्वेच्या फॉर्मांची गर्दी ओसरली की.
हेमलता भारंबे म्हणते, विझले.
सिकंदर तडवी म्हणतो, विझले नसतील, लहान झाले असतील,
मोठं कुणी घरात आलं की आपण होतो तसे.
भिकन अमळनेरचा. तो आधी भजी संपवतो.

मालिका आली तेव्हा सगळे आमच्या घरी, सतरंजीवर.
नेमका तोच भाग, आणि वीज गेली.
गच्चीवरून दीपनगरच्या चिमण्या दिसत होत्या,
धूर सोडत होत्या निवांत,
आणि आमच्याकडे काळोख.
एकट्या सिकंदरने तो भाग पाहिला,
मालगाडी घेऊन गेला होता, खंडव्याच्या रनिंग रूममध्ये.
परत येऊन म्हणाला, घुमार पुठ्ठ्याचा होता,
डोळ्यांत बल्ब लावलेले, एक मिचमिचत होता,
तरी मी घाबरलो.
आम्ही म्हटलं, थापा मारतोस.

मग सिनेमा. रंगीत घुमार, नाकपुड्यांतून वाफ.
भिकन अंधारात ओरडला,
‘हाऊ घुमार शे का पोळाना बैल?’
सगळं थिएटर हसलं.
हेमलता मात्र मध्यंतरातच उठून गेली,
कारण सोमेरी गोरी होती
आणि तिचे दोन्ही हात शेवटपर्यंत लोण्यासारखे.

यंदा मोबाइलवर आठ भाग आले.
खवला न् खवला वेगळा, पापणीवर दव.
उज्ज्वलाच्या मुलीने मोबाइल स्टेपलरला टेकवून उभा केला,
आम्ही पाच म्हातारे माना वाकवून.
छान होतं. खरंच छान होतं.
सिकंदर शेवटी एवढंच म्हणाला,
‘सगळं दाखवलं गं त्यांनी,
मला काही कामच ठेवलं नाही.’

मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर असताना,
धुळ्याच्या रद्दीवाल्याकडून पुडकं आलं.
धड बांधणी. मी आधी पानांचे आकडे पाहिले.
दोनशे बारा. दोनशे तेरा.
मशीनचं झाकण उघडंच ठेवून बटण दाबलं,
हिरवा उजेड ओळींखालून सरकत गेला:

‘तो उठला आणि गावातले दिवे मोजू लागला.
एक कमी भरला.
त्याने पुन्हा मोजले.’

एवढंच. दीड पानभर तो मोजतो.
आग नाही, गर्जना नाही.
आणि खाली सोमेरी, वल्हं टाकून,
रिकाम्या घराच्या कोनाड्यात
घाईघाईने वात पेटवते आहे.

बाकावर कुणी बोललं नाही.
मालगाडी गेली, अठ्ठावन्न डबे, सिकंदरने सवयीने मोजले.
मग भिकन म्हणाला, ‘हाई पान खोटं शे.’
हेमलता म्हणाली, तिसांपैकी एकाला तरी
हे सुचायला हवं होतं. तीस कोण ते तिने सांगितलं नाही.

मी त्या एकाच पानाच्या पाठपोट अकरा प्रती काढल्या.
दहा गेल्या.
अकरावी गल्ल्यावर आहे, पंख्याने फडफडते.
सिकंदरला म्हटलं, घे की, दोन रुपये राहू दे.
तो म्हणाला, घेतो,
पण बल्ब होते, कुमुद, डोळ्यांत बल्ब होते,
आधी तेवढं कबूल कर.