वरचा थर

टॉडमॉर्डनला कॅल्डर नदीच्या पुलाखाली
एक हिरवी पेटी आहे, चपलांच्या खोक्याएवढी.
पाणी किती चढलं ते दर पाच मिनिटांनी सांगते.
मंगळवारी रात्री गप्प झाली.

लीड्सहून पहिल्या गाडीने आले.
पेटीचं दार उघडायला वीस मिनिटं
आणि एक स्क्रूड्रायव्हर खर्ची पडला.
मग मांडीवर लॅपटॉप, टोपीवरून ओघळणारं पाणी
थेट की-बोर्डवर.

आत दोन थर.
खालचा आमच्याच वर्कशॉपमध्ये एकदा बांधलेला,
घट्ट दाबून बसवलेला: वाचा, हात लावू नका.
वरचा लिहिता. पासवर्ड, धोक्याच्या रेषा,
आठ वर्षांच्या माझ्या दुरुस्त्या.
लिनक्स एकावर एक ठेवतं दोन्ही,
पाहणाऱ्याला दिसते एकच डिरेक्टरी.
भूगोलाच्या तासाला नकाशावर बटर पेपर ठेवून
नद्या गिरवायचो, तसं.
माझी गोदावरी दरवेळी कर्नाटकात घुसायची,
खालच्या नकाशाला ओरखडासुद्धा नाही.

खोडलेलंही जात नाही कुठे.
वर फक्त एक पोकळ खूण बसते,
इथे काही नाही म्हणून सांगायला,
आणि खाली ती फाइल
तोंड मिटून तशीच.

वीज गेली तेव्हा
वरचा थर अर्ध्या वाक्यात होता.
सांधायला बघितला. सांधेना.
पुसला.

पेटी उठली, मला ओळखत नसल्यासारखी.
आणि यादीत एक फाइल,
जी मीच उडवली होती रुजू झाले त्या आठवड्यात,
फालतू म्हणून.
नॉर्मन ग्रिमशॉची.
एकदाच भेटला होता, निवृत्तीच्या केकपाशी.
मग त्याच हिवाळ्यात गेला.

‘दार खालून अडतं. उचलून ओढा, जोर नको.
कोपऱ्यात कोळी आहे, असू दे.
पाणी दोन मीटरला गेलं तर
आधी मिसेस सटक्लिफना फोन, बाकी सगळे नंतर.
ऐकू कमी येतं. वाजू द्या.’

खाली नंबर, जुन्या कोडचा.

रेषा पुन्हा भरल्या, एक एक,
वहीत बघून.
ती फाइल नाही खोडली.
रात्री पाणी दोन मीटर दहापर्यंत गेलं होतं,
भिंतीवर चिखलाची रेघ होती अजून ओली.

कोड नवा लावून नंबर फिरवला.
वाजू दिला.
पुलावरून एक लॉरी गेली,
मग दुसरी,
मी कोपऱ्यातलं जाळं बघत उभी,
वाजतोय.